जकार्तातलं गोमांस महाग का? ऑस्ट्रेलियाला दोष देण्याआधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी जकार्त्याला आलेल्या एका सदस्याने विचारलंय की इथे बारा महिने हिरवं गवत आहे, खेडोपाडी गोठे आहेत, तरी जिवंत गुरं बोटीने ऑस्ट्रेलियातून का आणतात? मांस किलोला लाख रुपियाच्या (इथलं चलन) वर कसं जातं? ऑस्ट्रेलियावाले लुटतात का?

पशुखाद्याच्या धंद्यात माझी काही वर्षं लाम्पुंग (सुमात्राचं दक्षिण टोक) आणि पश्चिम जावात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही, लुटत नाहीत. भाव चढण्याचं मूळ जावातल्याच गोठ्यात आहे.

जावातल्या शेतकऱ्याच्या दावणीला दोन-तीन जनावरं असतात आणि ती त्याची ठेव असते. पोराची फी, घरातलं लग्न, गळकं छप्पर किंवा इदुल अधा, म्हणजे आपली बकरी ईद, असं काही निमित्त आलं की दावण सुटते. भाव वाढला म्हणून तो विकायला धावत नाही. उलट भाव चढला की एकाच जनावरात गरज भागते आणि दुसरं घरी राहतं. कित्येकांकडची जनावरं तर 'गादुह'ची, म्हणजे आपल्याकडे अर्धलीने सांभाळायला देतात तशी. तिथे विकायचं ठरवणारा भलताच कुणी असतो.

सरकारला हे नेमकं दिसत नाही, कारण सरकार डोकी मोजतं. २०११ च्या गणनेत मांसाची गुरं सुमारे १ कोटी ४८ लाख निघाली. कागदावर देश स्वयंपूर्ण व्हायच्या बेतात आला, म्हणून आयातीचा कोटा आवळला. भाव भडकले आणि चढ्या भावाला विण्याच्या वयातल्या गायीही कापल्या गेल्या. २०१३ मध्ये पुन्हा मोजलं तर आकडा सुमारे १ कोटी २७ लाखांवर आला होता. त्याच वर्षी जानेवारीत मांस-आयातीच्या कोट्यातल्या लाचेवरून पीकेएस या इस्लामी पक्षाचे अध्यक्ष लुत्फी हसन इशाक यांना अटक झाली, पुढे शिक्षाही झाली. माल दुर्मिळ केला की परवान्याचा कागद मालापेक्षा महाग होतो. आपल्याला हे नवीन नाही म्हणा.

तरी २०१५ मध्ये तेच पुन्हा झालं. आधीच्या तिमाहीत अडीच लाख गुरांची परवानगी होती, जुलै-सप्टेंबरसाठी ती ५० हजारांवर आणली. ऑगस्टमध्ये जकार्ता आणि आसपासच्या मांसविक्रेत्यांनी दुकानंच बंद ठेवली. मग सरकारने बुलोग या आपल्याच महामंडळाला घाईने आणखी ५० हजार गुरं आणायला सांगितलं.

आता बोटीने जिवंतच का? कारण इथला बाजार अजून ताज्या मांसाचा आहे. रात्री कापायचं, पहाटे पसारात, म्हणजे बाजारात, आणायचं आणि दुपारच्या आत संपवायचं. बाक्सोवाला, म्हणजे मांसाचे गोळे करून रश्शात विकणारा, तर अजून गरम असलेलं मांसच मागतो, कारण त्याशिवाय गोळा नीट बांधला जात नाही. शिवाय कातडं, आतडी, पाय, डोकं या सगळ्याला इथे गिऱ्हाईक आहे. गोठवलेल्या पेटीतून ते येत नाही.

ऑस्ट्रेलियातून येतो तो बहुतेक खच्ची केलेला ब्राह्मन जातीचा खोंड, साधारण ३०० ते ३५० किलोचा. (ही जात अमेरिकेत आपल्याकडच्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि थोड्या कृष्णाकाठच्या गुरांपासून घडवली. सांगली-जमखंडीकडच्या कुणी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन बंदराच्या धक्क्यावर त्यांची वशिंडं पाहिली तर घरचीच वाटतील.) डार्विनहून पाच-सहा दिवसांत तो जावा किंवा लाम्पुंगला उतरतो आणि शंभर-सव्वाशे दिवस खाऊन जाडा होतो. खाद्य म्हणजे पामची पेंड, कसाव्याचा चोथा आणि लाम्पुंगमध्ये अननसाच्या साली. इथे माणसाच्या उपयोगाचं नसलेलं खाऊन दिवसाला सव्वा-दीड किलो वजन चढतं. नफा आहे तो इथेच.

हिशेब करून दाखवतो, आकडे समजायला सोपे घेतलेत. खोंड ३३० किलोचा. गोठ्यापर्यंत किलोला ५५,००० रुपिया पडला आणि विकताना ५०,००० मिळाले. म्हणजे आणलेल्या वजनावर साडेसोळा लाखांची खोट. वाढलेलं वजन १४० किलो, त्याचे ७० लाख. किलोमागे ३५,००० प्रमाणे चाऱ्याचा खर्च ४९ लाख. उरले साडेचार लाख, त्यातून व्याज, मजुरी आणि एखादं मेलेलं जनावर. डार्विनचा भाव किंवा डॉलर थोडा हलून खरेदी किलोला ३,००० ने महागली, की हाच गोठेवाला सव्वापाच लाखांच्या वर बुडतो. २०२२ च्या सुरुवातीला डार्विनमध्ये जिवंत वजनाचा भाव किलोला ५ ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेला, तेव्हा हेच झालं. निम्मे गोठे रिकामे ठेवणारे मी पाहिलेत. १९९८ मध्ये रुपिया कोसळला तेव्हा तर हा व्यापारच बसला होता.

उलट बाजूही आहे. मे २०११ च्या अखेरीला इंडोनेशियातल्या कत्तलखान्यांतल्या क्रूरतेची चित्रं ऑस्ट्रेलियन टीव्हीवर आली आणि जूनमध्ये तिथल्या सरकारने निर्यात महिनाभर थांबवली. २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली, पण तोवर इंडोनेशियाने धडा घेतला होता: एकाच दुकानावर विसंबायचं नाही.

देशी गुरांचा सौदा मात्र वेगळ्या जगातला. आयात खोंड काट्यावर विकतो, देशी जनावर नजरेने, उक्तं. मध्ये 'ब्लांतिक' असतो, म्हणजे गुरांचा दलाल, आपला हेडीच तो. पश्चिम सुमात्रात 'मारोसोक' चालतो: कापडाखाली हात घालून बोटं दाबून भाव बोलायचा, आजूबाजूच्यांना पत्ता लागू द्यायचा नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. आपल्या बैलबाजारातला रुमालाखालचा सौदा जसाच्या तसा!

तिमोरमधल्या कुपांगसारख्या ठिकाणी गुरं स्वस्त आहेत, पण जकार्त्याला आणेपर्यंत वजन गळतं आणि भाडं चढतं. २०१५ च्या अखेरीला त्यासाठी 'चामारा नुसांतारा' ही ५०० गुरांची खास बोट सुरू झाली. चांगली गोष्ट, पण जकार्त्याच्या भुकेपुढे ५०० म्हणजे किती?

स्वस्तात हवं असेल तर गोठवलेलं म्हशीचं मांस घ्या. ते २०१६ पासून भारतातून येतंय. सरकारला किलोचा भाव ८०,००० वर आणायचा होता म्हणून ते आणलं. ताज्या मांसाचा भाव त्याने काही तितका उतरला नाही, कारण ते गिऱ्हाईकच वेगळं. ताजंच हवं असेल तर लेबारानच्या, म्हणजे रमजान ईदच्या, आधीचे दोन आठवडे टाळा, आणि पसारात पहाटे पाचला पोचा. सातला गेलात तर हाडंच मिळतील.