वाचकांचे प्रश्न : बोटीच्या इंजिनांची उंची, आधी सव्वातीन इंच, मग दोन-दोन सूत

प्रश्न : नमस्कार सर, मी कोथरूडला राहतो, २६ फुटी डीप व्ही (खोल व्ही आकाराच्या तळाची) बोट मांडव्याला ठेवलीये. तळाचा कोन २२ अंश. मागे बाहेरून लावलेली २५० एचपीची दोन आउटबोर्ड इंजिनं, दोघांच्या मध्यात २६ इंच अंतर, आणि दोन्ही १० इंची जॅक प्लेटवर (इंजिन बोटीपासून १० इंच मागे धरणारी, वरखाली करता येणारी चौकट). मिस्त्रीने कॅव्हिटेशन प्लेट (प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी) कीलच्या (तळाच्या मधल्या सर्वांत खालच्या रेषेच्या) २ इंच वर ठेवून फिटिंग केलं. फुल थ्रॉटलला ५५०० आरपीएमच्या पुढे जात नाही (पुस्तकात ६००० दिलंय), जीपीएसवर ताशी ५५ मैल, स्टिअरिंग जड आणि पाणी उसळून थेट इंजिनच्या कव्हरवर येतं. प्रोपेलर २१ पिच (एका फेऱ्यात हिशेबाने २१ इंच पुढे), गिअर रेशो १.७५ (इंजिनाचे १.७५ फेरे, प्रोपेलरचा एक). एक मित्र म्हणतो प्रोपेलर बदल, दुसरा म्हणतो इंजिनं सरळ ४ इंच उचल. काय करू?

उत्तर : प्रोपेलरला अजून हात लावू नका. तुम्ही आकडे दिलेत त्यामुळे हिशेब करता येतो, तो आधी करू. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १०५६ (मिनिटाला इंचांचे ताशी मैल करायचा आकडा). म्हणजे ५५०० गुणिले २१, भागिले १.७५, भागिले १०५६, येतात ६२.५ मैल. प्रत्यक्षात ५५ मिळतात, म्हणजे स्लिप (हिशेबाच्या वेगापेक्षा पडलेली घट) १२ टक्के. हा आकडा चांगलाच आहे, प्रोपेलर पाणी नीट पकडतोय. मग आरपीएम का चढत नाही, तर इंजिनाचा खालचा भाग जास्त बुडालाय आणि तो पाण्यात ओढत न्यायलाच ताकद जातेय. जड स्टिअरिंग आणि कव्हरवरचं पाणी हेच सांगतंय.

मिस्त्रीचं चुकलं ते मोजायच्या जागेत. कीलपासून मोजायचं ते एका इंजिनाच्या बोटीत, कारण इंजिन कीलच्या बरोबर मागे असतं. तुमचं प्रत्येक इंजिन मध्यरेषेपासून १३ इंच बाजूला आहे आणि व्ही आकाराचा तळ तिथे वर चढलेला असतो, २२ अंशाला १३ इंचांवर जवळपास सव्वापाच इंच. म्हणजे तुमची प्लेट कीलच्या २ इंच वर असली तरी त्या इंजिनापुढच्या तळाच्या सव्वातीन इंच खाली आहे. एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, इंजिनाच्या अगदी समोर तळाला चिकटवून मागे न्या, इंजिन ट्रिमने (इंजिन कलवायच्या सोयीने) सरळ करून ठेवा आणि पट्टी प्लेटच्या किती वर जाते ते बघा, दोन मिनिटांत डोळ्यांनी दिसेल.

आता मित्राचे ४ इंच. ट्रान्सम (बोटीची मागची भिंत) सोडल्यावर पाणी मागे जाता जाता वर चढतं, म्हणून इंजिन जितकं मागे तितकं थोडं वर घ्यावं लागतं, १० ते १२ इंचाला साधारण १ इंच धरतात. तेव्हा शेवटी तुम्ही ४ इंचांच्या आसपासच थांबाल असं मला वाटतं, पण एका दमात उचलू नका. आधी सव्वातीन इंच, म्हणजे प्लेट तळाच्या रेषेत, आणि तिथून पुढे दोन-दोन सूत (पाव-पाव इंच). दर वेळी दोन्ही इंजिनं सारखीच, पट्टी आडवी लावून तपासून, टाय बारचे (दोन्ही इंजिनं एकत्र वळवणाऱ्या दांड्याचे) नट परत बघून.

प्रत्येक खेपेला डिझेल-पेट्रोल जे असेल ते तेवढंच, माणसं तेवढीच, आणि भरती-ओहोटीचा ओढ असतो म्हणून जाताना एकदा येताना एकदा धावून सरासरी घ्या. वर घेताना आरपीएम आणि वेग दोन्ही वाढले तर बरोबर चाललंय. आरपीएम ६००० झाला, हिशेबाने ६८ मैल व्हायला हवेत आणि जीपीएस ५७ वर अडकलाय, तर स्लिप १६ टक्के झाली, प्रोपेलर हवा खेचतोय, दोन सूत खाली या. सरळ रेषेत सगळं छान वाटेल पण वळणावर खरी परीक्षा, बोट आत कलते आणि बाहेरच्या बाजूचं इंजिन वर येतं, पकड सुटते आणि आरपीएम एकदम उडतो. म्हणून हळू वेगातल्या वळणापासून सुरू करा, किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला बांधलेली आणि लाइफ जॅकेट सगळ्यांना.

सगळ्यात महत्त्वाचं, दोन्ही इंजिनांना पाण्याच्या प्रेशरचा गेज हवाच. थंड करायचं पाणी खालच्या गिअरकेसच्या बाजूच्या भोकांतून आत जातं, इंजिन वर गेलं की ती भोकंही वर येतात. माझ्या स्वतःच्या बोटीत एकदा असं झालं की मी वेगाच्या नादात इंजिन बसवायच्या बोल्टचं एक भोक जास्त उचललं, पाऊण इंच, आणि मागे वळून बघितलं तर इंजिनाची पाण्याची धार छान पडत होती म्हणून निर्धास्त राहिलो. गेज लावलेला नव्हता. थोड्या वेळाने डाव्या इंजिनाचा अलार्म वाजला, थ्रॉटल सोडेपर्यंत कव्हर हाताला चटका बसेल इतकं तापलं होतं. धार पडतेय म्हणजे प्रेशर पुरेसं आहे असं नसतं, हे त्या दिवशी कळलं. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात फुल थ्रॉटलचं किमान प्रेशर दिलेलं असतं, दोनपैकी कुठलंही इंजिन त्याखाली गेलं तर वेग कितीही मिळो, खाली घ्या.

प्रश्न : समुद्रावर नीट सेट केलेली बोट परवानगी घेऊन पुण्याजवळच्या तलावात आणली, ३०० आरपीएम कमी पडतात. इंजिनांची उंची बदलू का?

उत्तर : नको. पुण्याची समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५६० मीटर, हवा विरळ, साध्या (टर्बो नसलेल्या) इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के कमी होते, त्यात गोड्या पाण्यात बोट जराशी जास्त बुडते. इंजिनांची उंची आहे तीच ठेवा आणि १ ते २ इंच कमी पिचचा प्रोपेलर लावून बघा, एक इंच पिचला दीडशे-दोनशे आरपीएमचा फरक पडतो. समुद्रावर परत नेताना मात्र जुनाच चढवा, नाहीतर आरपीएम मर्यादेच्या वर जाईल.