वाचकांचे प्रश्न: कायमचा नरक, हा न्याय कसा?

प्रश्न: सर, मी जालन्याचा. आमचे शेजारी ख्रिस्ती आहेत, त्यांच्याशी गप्पा होतात. माणूस जगतो साठ-सत्तर वर्षं, पाप करून करून किती करणार, मग नरक कायमचा काहून?

उत्तर: प्रश्न लई जुना आहे, आणि खुद्द ख्रिस्ती लोकांतच यावर एकमत नाही बरं का. बायबलातल्या मत्तय 25:46 मध्ये सार्वकालिक शिक्षा असं सरळ लिहिलंय, त्यावर 13व्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्वायनस म्हणतो की गुन्हा अनंत देवाविरुद्ध, म्हणून शिक्षापण अनंत. मला काही हे पटत नाही, करणाऱ्याची समज कुठं धरली यात? उलट लूक 12:47-48 मध्ये येशूच सांगतो की मालकाची इच्छा माहीत असून न ऐकणाऱ्या चाकराला जास्त फटके, माहीत नसलेल्याला थोडे, म्हणजे सगळ्यांना एकच माप नाही. कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तर नरक म्हणजे माणसानंच स्वतःला देवापासून कायमचं तोडून घेणं. चौथ्या शतकातला बिशप, निसाचा ग्रेगरी म्हणायचा शेवटी सगळेच शुद्ध होऊन देवाकडं येतील, आणि काही प्रोटेस्टंट म्हणतात दुष्ट संपूनच जातील, छळ चालू राहणार नाही. शेजाऱ्यांना आधी चर्च कोणतं ते विचारा, उत्तर त्यावर बदलेल.