सुंभाच्या गाठींतून शिल्प

प्रश्न : काथ्याच्या सुंभाला गाठी मारून मी लाटांचे आकार घडवते. याला शिल्प म्हणता येईल का? शिवाय पावसाळ्यात त्यांवर बुरशी येते, त्यावर उपाय काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : निःसंकोच शिल्पच म्हणा. भारतीय शिल्पकार मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी सण (हेम्प) या वनस्पतीच्या तंतूंच्या रंगवलेल्या दोऱ्यांना, आधी रेखाटन न करता, हातांनी गाठी मारत माणसापेक्षाही उंच आकृती उभ्या केल्या. त्यांच्या जाडसर घड्यांत फुलाच्या पाकळ्या आणि देवतेचे रूप एकाच वेळी दिसते. गोव्यातच, पिळर्ण येथील ‘म्युझियम ऑफ गोवा’चे संस्थापक सुबोध केरकर यांनी समुद्र हाच आपल्या कलेचा विषय आणि साहित्यही मानला आहे. तेव्हा लाटेची नक्कल करण्यापेक्षा सुंभ आपल्या वजनाने जिथे झुकतो, तिथे त्याला झुकू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

बुरशीविषयी थोडक्यात सांगतो. लिग्निन या लाकडातही असणाऱ्या कठीण घटकामुळे काथ्या सहसा लवकर कुजत नाही. बुरशी धरते ती बहुधा कोंडलेल्या दमट हवेमुळे. म्हणून शिल्प भिंतीपासून चार बोटे दूर टांगावे, प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये आणि उघडीप मिळताच कोरड्या ब्रशने झाडून वाऱ्यावर ठेवावे. मात्र रंगवलेला भाग सावलीतच वाळवावा.