बंद गोबरगॅस आणि ज्वारीची भाकर

चि. स अनेक आशीर्वाद.

पर्यावरणासाठी घरात काय बदलू, असं तू विचारलंस. विजेची शेगडी घ्यायची घाई करू नको. आपल्याकडची बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या केंद्रांत कोळशावरच होते. आधी गोठ्यामागचा बंद पडलेला गोबरगॅस बघ, रोज दोन घनमीटर गॅस देणारा.

त्याला रोज 50 किलो ताजं शेण हवं. बांधलेलं मोठं जनावर दिवसाला दहाएक किलो देतं. चरायला जाणाऱ्याचं निम्मं शेण रानातच पडतं. शेण आणि पाणी सारख्या मापाने घे, गुठळी हाताने फोड. कुटार, म्हणजे भुसा, आत गेलं तर वर तरंगून साय धरतं, माती तळाशी बसून टाकीची जागा खाते. गोठा धुतलेलं फिनाईलचं पाणी तिकडे वळलं तर गॅस करणारे जिवाणूच मरतात. नव्याने भरताना गावातल्या चालू टाकीची चार-सहा बादल्या स्लरी (टाकीतून बाहेर येणारा शेणकाला) घाल, विरजण लावावं तशी. सुरुवातीचा गॅस पेटत नाही, त्यात हवा असते. तो बाहेर सोडून दे, काडी ओढून बघू नको. आणि टाकी साफ करायला आत कोणीही उतरायचं नाही. आतल्या वायूने माणूस हाक मारायच्या आत पडतो.

भरणी नीट असेल तर दोन घनमीटर गॅस म्हणजे सुमारे 900 ग्रॅम सिलिंडरचा गॅस. म्हणजे सोळाएक दिवसांत 14.2 किलोचं एक सिलिंडर वाचतं. पौष-माघात थंडीने गॅस घटतो. तेव्हा शेण कोमट पाण्यात कालव. सिलिंडरची शेगडी याला चालत नाही, तिचं छिद्र बारीक असतं. गोबरगॅसचीच शेगडी लाव. ज्योत फडफडली तर पाइपात पाणी साचलंय, पाइपाचा उतार टाकीकडे कर. सांधे साबणाच्या फेसाने तपास.

एक गोष्ट लोक विसरतात. टाकीत झालेला गॅस जाळलाच पाहिजे. तो मिथेन आहे, आणि हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक ताप धरतो. भरायचं पण वापरायचं नाही, त्यापेक्षा टाकी रिकामी बरी.

आता भाकरीचं. टाकी बंद पडते ती बहुतेकदा जनावरं विकली म्हणून, आणि जनावरं जातात वैरण नाही म्हणून. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, काही जनावर खात नाही, सोयाबीनच्या कुटारावर सगळं भागत नाही. कडबा ज्वारीचाच. पाखरं आणि रानडुकरं यांच्यापायी ज्वारी सोडली म्हणतात, ते खोटं नाही. म्हणून घराजवळचा, नजरेखालचा अर्धा एकर निवड. धानाच्या मानाने तिला पाणी फार कमी लागतं. कडबा कुट्टी करून घाल, आख्खा टाकला तर बराचसा पायाखाली तुडवला जातो.

शेगडीवरचा गॅसही वाचव. तुरीची डाळ अर्धा तास भिजव. कुकरला पहिली शिटी झाली की आंच बारीक कर. मोठी ठेवून डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ जाते.

स्लरी उन्हात पसरू नकोस, त्यातलं नत्र उडतं. सावलीच्या खड्ड्यात काडीकचऱ्यावर ओत.

गोठ्यात आता किती जनावरं आहेत आणि पाइप किती लांब आहे, ते कळव. चूल किती दूर आहे त्यावर उतार ठरेल.