रिब्ज पहिल्यांदा करताय? मेम्फिसपासून सुरुवात करा

सॉसच्या बाटल्या नंतर घ्या. आधी अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पद्धतीने धुरावर भाजलेल्या कोरड्या रिब्ज (डुकराच्या बरगड्या, सॉस नाही, नुसता मसाला) करून बघा: पापरिका, लसूण पूड, मिरी, मीठ, थोडी ब्राउन शुगर. वर सॉस नसला की धूर नीट लागलाय का ते लगेच कळतं. कॅन्सस सिटीचा टोमॅटो आणि मोलॅसिसचा (काकवीसारखा पाक) दाट, गोड सॉस बहुतेकांना आवडतो, पण त्यातली साखर चटकन करपते. तो शेवटच्या अर्ध्या तासातच फासायचा. टेक्सासच्या गोमांसाच्या भल्यामोठ्या बरगड्या, नुसतं मीठ-मिरी लावलेल्या, पुढे कधीतरी.

दुकानात 'सेंट लुइस कट' मागा. स्पेअर रिब्जचा (डुकराच्या पोटाकडच्या बरगड्यांचा) छातीकडचा कूर्चेचा भाग काढल्याने तो चौकोनी असतो, सगळीकडे सारखा शिजतो. हाडांकडचा पातळ पापुद्रा मात्र काढाच, नाहीतर चिवट लागतो. चमच्याच्या दांड्याने एक टोक सैल करा. बोटांतून निसटतो, म्हणून टिश्यू पेपरने धरून ओढा.

आच ११० अंश सेल्सिअसच्या आसपास, लाकूड हिकरीचं, वेळ ५-६ तास. ग्रिलचं झाकण सारखं उघडू नका! चिमट्याने उचलल्यावर रिब्जचा पट्टा वाकला आणि वर बारीक तडे गेले की झालं. मांस हाडावरून आपोआप गळून पडलं तर ते जास्त शिजलंय, कोणी काहीही म्हणो.