पळसाचा रंग पहिल्याच धुण्यात का जातो?

पळस फुलला की झाडापानांच्या रंगांबद्दल वाचकांची पत्रं आणि मेल सुरू होतात, यंदा जरा जास्तच आलेत. बहुतेकांची अडचण एकच आहे, रंग चढतो पण टिकत नाही. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांबलचक देतेय, ते सगळ्यांनीच वाचा.

प्रश्न: ताई, आमच्या बांधावर पळसाची झाडं आहेत. खाली पडलेली फुलं उकळून त्यात पांढरा कॉटनचा दुपट्टा रंगवला, एका व्हिडिओत सांगितलं तसं मीठ आणि व्हिनेगरपण टाकलं. इतका मस्त केशरी झाला होता! पण पहिल्या धुण्यात निम्मा रंग गेला आणि दुसऱ्यात नुसते पिवळट डाग उरले. फुलं जुनी होती का? (यवतमाळ)

उत्तर: फुलं एकदम बरोबर होती हो, खाली पडलेली घेतलीत हे तर फारच छान केलंत. गडबड मीठ-व्हिनेगरची आहे. मीठ लागतं ते दुकानात मिळणाऱ्या केमिकल रंगाच्या पुडीला, पळसाला त्याचा काही उपयोग नाही आणि व्हिनेगरचाही नाही. हे व्हिडिओवाले सर्रास सांगतात, त्यात लोकांची चांगली कापडं वाया जातात आणि मग झाडाचे रंग कच्चेच असतात असं समजून माणसं नाद सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला झाडाचा रंग आपणहून धरत नाही, मध्ये कुणीतरी धरून ठेवणारं लागतं. ते काम तुरटी करते. पण कॉटनला तुरटीसुद्धा नीट चिकटत नाही, म्हणून तिच्याआधी हिरडा लागतो, हिरड्यातलं टॅनिन धाग्याला धरतं, टॅनिनला तुरटी धरते आणि तुरटीला रंग. अजरख, कलमकारी करणारे कारागीर कापड आधी हिरड्यात घालतात ते यासाठीच. रेशीम आणि लोकरीला हिरड्याची गरज नसते, त्यांना तुरटी पुरते.

आता करायचं कसं ते सांगते. नवीन कापडात खळ असते, ती काढायला धुण्याचा सोडा टाकून कापड तासभर उकळा, पाणी पिवळं झालेलं दिसेल, मग स्वच्छ धुऊन वाळवा आणि वजन करा कारण पुढचं सगळं माप कोरड्या कापडाच्या वजनावर आहे. १०० ग्रॅम कापडाला १५ ते २० ग्रॅम हिरडा पावडर कोमट पाण्यात कालवून गाळा, कापड रात्रभर त्यात ठेवा, सकाळी पिळून न धुता उन्हात वाळवा, फिकट पिवळसर होईल. मग १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड तासभर हलवत ठेवा, रात्रभर राहिलं तर अजून चांगलं. नंतर एकदा हलकं खंगाळून रंगात टाका. वाळलेली फुलं कापडाच्या वजनाइतकी, ताजी असतील तर दुप्पट-तिप्पट, मंद आचेवर तासभर उकळून गाळायची आणि त्या पाण्यात कापड पाऊण तास ठेवायचं, खळखळ उकळू द्यायचं नाही, मग तसंच थंड होऊ द्यायचं.

एक आधीच सांगून ठेवते, तुरटीवर पळस पिवळा येतो, होळीचा तो भडक केशरी येत नाही. चिमूटभर चुना टाकला की केशरीकडे झुकतो पण तो रंग तितका पक्का नसतो. शिवाय पळस उन्हाला नाजूक आहे, दुपट्टा सावलीत वाळवा, रिठ्याच्या पाण्यात धुवा. एवढं सांभाळलंत तर पहिल्या धुण्यात रंग निघून जाणार नाही.

प्रश्न: बीट, जास्वंद आणि हळद यातला कुठला रंग पक्का? (डोंबिवली)

उत्तर: तिन्ही नको. बीटचा गुलाबी कापडावर राहतच नाही, जास्वंदाचा रंग साबण लागला की बदलतो आणि हळद चढते जोरात पण उन्हात उडते. घरात पिवळा हवा असेल तर डाळिंबाची साल वापरा, तिच्यात स्वतःचंच टॅनिन असतं त्यामुळे कॉटनला छान धरते.

प्रश्न: मला लाल रंग हवाय. घाटावर मंजिष्ठाची वेल दिसते, मुळं खणून आणली तर चालतील का? आणि कासच्या फुलांचे रंग काढता येतील का? (सातारा)

उत्तर: दुसऱ्याचं आधी सांगते, कासचं एक फूलही तोडू नका. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाट जागतिक वारशात घेतला त्यात कास आहे, आणि ती फुलं इतकी बारीक की रुमालभर रंगासाठी पठाराचा तुकडा उघडा पडेल. अभयारण्यात तर परवानगीशिवाय वनस्पती काढणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे.

मंजिष्ठाचा लाल खरंच देखणा आणि टिकाऊ असतो, विटकरीपासून गुलाबीपर्यंत छटा येतात. पण मूळ खणलं की वेल गेली. फूल पडतं, साल छाटलेल्या फांदीवरून मिळते, मुळाला असा मार्गच नाही. काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेली मिळते, थोडीच घ्या आणि एकदा उकळलेली फेकू नका, तिच्यातून दुसरा, तिसरा फिकट रंग निघतोच.

आपल्याकडे लाल रंगाचं दुसरं झाड म्हणजे आल, बारतोंडीपण म्हणतात. वऱ्हाडात, मध्य भारतात एकेकाळी मुळांसाठी तिची शेती व्हायची, म्हणजे तेव्हाही लोक मुळं जंगलातून ओरबाडण्यापेक्षा लावत होते. १८६८ मध्ये जर्मनीत ग्रेब आणि लीबरमान यांनी अलिझरीन हा लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला, मग स्वस्त रंग बाजारात आला आणि ही शेती बसली. तुमच्याकडे जागा असेल तर बारतोंडी लावा, पडीक जमिनीतही येते, फक्त काही वर्षं धीर धरावा लागेल.

प्रश्न: काळा रंग झाडापासून होतो का? आमच्याकडे हिरडा भरपूर आहे. (जुन्नर)

उत्तर: होतो की, आणि तुमच्याकडे तर अर्धं सामान दारातच आहे. गंजके खिळे, गूळ आणि पाणी मातीच्या मडक्यात दोन-तीन आठवडे ठेवा, गाळून ते पाणी वापरा. हिरड्यात भिजवून वाळवलेलं कापड त्यात घातलं की डोळ्यासमोर राखाडी आणि मग काळं होत जातं. पण लोखंड जास्त झालं तर कॉटनचा धागा कुजतो, म्हणून पातळ पाण्यात थोडा वेळ घाला, काढा, हवा लागू द्या, हवं तर पुन्हा घाला, आणि शेवटी भरपूर पाण्यात धुवा. बाळहिरड्यावर तुमच्या भागातल्या कित्येक आदिवासी घरांचं वर्षाचं पैशापाण्याचं गणित असतं, तेव्हा दुसऱ्याच्या वहिवाटीच्या झाडाखालचा फुकट उचलू नका, त्यांच्याकडून विकत घ्या.

प्रश्न: सगळं मापात करूनही माझा पिवळा मळकट हिरवट येतो. भांडं स्टीलचं आहे. (लातूर)

उत्तर: पाणी बोअरचं आहे का? त्यात लोह असलं तर हिरड्याशी जुळून असंच होतं. पावसाचं साठवलेलं पाणी घेऊन एक छोटा तुकडा रंगवून बघा, फरक लगेच कळेल. ढवळायला लोखंडी उलथनं वापरत असाल तर तेही बंद करा, लाकडी काठी घ्या. आणि हे भांडं परत स्वयंपाकाला घेऊ नका. गडद हिरव्यासाठी कुणी मोरचूद सुचवलं तर घरात, मुलाबाळांत ते नकोच, विषारी असतं आणि उरलेलं पाणी ओतायचं कुठे हाही प्रश्न. तुरटीचं उरलेलं पाणी मात्र फेकू नका, थोडी तुरटी वाढवली की पुढच्या कापडाला चालतं.