अलेप्पीची सहल: वाचकांचे प्रश्न

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण केरळात अलेप्पीला जायचं म्हणतोय. आईचे गुडघे दुखतात, धाकटा पाच वर्षांचा आहे. एक रात्र हाऊसबोट घ्यावी का? (खानापूर)

घ्या, पण कालवे बघायला म्हणून घेऊ नका. हाऊसबोट रुंद असते. ती वेंबनाड तलावात आणि मोठ्या पात्रांतच फिरते. घरांच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात ते चिंचोळे कालवे तिला बंदच. शिवाय दुपारी बाराच्या सुमारास चढायचं, साडेपाचला बोट काठाला बांधतात (रात्री मच्छीमारांची जाळी पाण्यात असतात), सकाळी नवाला उतरायचं. म्हणजे प्रत्यक्ष फिरणं चार-पाच तासांचंच.

खरे कालवे बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर दोन-तीन तास वल्ह्याची छोटी होडी ठरवा. तिथल्या कुट्टनाड भागातली भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. होडी बांधाला लागली की पाणी वर आणि शेत खाली, असं डोळ्यांदेखत दिसतं. मुलांना हे जरूर दाखवा. दिवाळीच्या दिवसांत तिकडे दुपारनंतर विजांचा पाऊस होतो, म्हणूनही सकाळच बरी.

मात्र ही होडी पाण्यालगत असते. खाली वाकून उतरावं लागतं, बरेचदा पाठ टेकायला काही नसतं. आईंना ते जमणार नाही. त्यांच्यासाठी सरकारी फेरीबोट उत्तम: बाकावर बसायचं, तिकीट अगदी थोडं. कोट्टयमची फेरी साधारण अडीच तासांची आहे. बोटजेट्टी केएसआरटीसी स्टँडजवळच आहे (तिकडे ही अक्षरं केरळच्या एसटीची). रेल्वे स्टेशन मात्र समुद्राच्या बाजूला, जेट्टीपासून तीन-चार किलोमीटरवर. रिक्षा करा.

हाऊसबोट ठरवताना चार गोष्टी आधी विचारा. एसी दिवसा चालतो की फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा? खोली खालच्या मजल्यावर मिळेल का? संडास कमोडचा आहे का? लहान मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का? शेवटचं नुसतं विचारू नका, चढल्याबरोबर मुलाला घालून बघा. मोठ्यांचं जॅकेट पाच वर्षांच्या पोराच्या खांद्यांवरून निसटतं. ठरलेली बोट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

निपाणीला रेल्वे नाही. सोयीचा मार्ग कोणता? (निपाणी)

बेळगाव गाठा. पुणे–एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस तिथून थेट जाते, पण आठवड्यातून एकदाच. एर्नाकुलमहून अलेप्पी रेल्वेने ५७ किलोमीटर. तो वार जमत नसेल तर मडगावहून नेत्रावती एक्स्प्रेस धरा, ती अलेप्पीलाच थांबते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव ‘अलप्पुझा’ असं शोधा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, दिवाळीसाठी त्याच दिवशी सकाळी काढा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात बदलतं. सप्टेंबरात टिपलेल्या वेळेवर विसंबलात तर मडगावला गाडी चुकेल.

जानेवारीत गेलेले लोक सांगतात, कालव्यांत जलपर्णीच होती. खरं का? (संकेश्वर)

खरं आहे. पंचगंगेत दिसते तीच. वेंबनाड तलावावरच्या तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारं साधारण डिसेंबरच्या मध्यापासून बंद ठेवतात, म्हणजे समुद्राचं खारं पाणी भातशेतीत येत नाही. पण खाऱ्या पाण्यानं मरणारी जलपर्णी मग गोड, साचलेल्या पाण्यात फोफावते. इंजिनाच्या पंख्यात ती अडकते, फेऱ्या रखडतात किंवा मार्ग बदलतो. हवा कोरडी हवी तर जानेवारी, पाणी मोकळं हवं तर पावसाळा सरल्यावर लगेच. दोन्ही एकदम मिळणं अवघड.

शाकाहारी जेवण मिळतं का? (चिकोडी)

मिळतं: सांबार, अवियल (खोबरं घातलेली मिश्र भाजी), तोरन (खोबरं घालून परतलेली सुकी भाजी). बोटीवर आधी सांगून ठेवा. तेल खोबरेल असतं आणि भात जाड, तांबूस. भाकरीची सवय असेल तर दशम्या बरोबर न्या.

तिथल्या जुन्या होड्यांना खिळा नसतो म्हणे. मग पाणी कसं शिरत नाही? (शहापूर, बेळगाव)

त्या होडीचं नाव केट्टुवळ्ळम, म्हणजे बांधलेली होडी. आंजिली नावाच्या, फणसाच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या कडेला कड लावून ठेवतात. कडेनं भोकं पाडतात, सांध्यावर काथ्या दाबून बसवतात आणि काथ्याच्या दोरीनं शिवतात. वरून काजूच्या टरफलाचं उकळलेलं काळं तेल चढवतात. निमखाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, काथ्या टिकतो. होडी काठावर आपटली तरी शिवलेला सांधा थोडा लवतो, खिळ्याजवळ मात्र फळी तडकते.

या होड्या भात आणि मसाले वाहायच्या. त्रावणकोरच्या राजवटीत १७६२ साली अलेप्पीला बंदर झालं. दिवाण राजा केशवदास यांनी ते वाढवलं. गावातले दोन मुख्य कालवे बंदर आणि तलाव यांच्यात मालाची ने-आण करण्यासाठीच होते. जुन्या हाऊसबोटी म्हणजे याच होड्या, वर खोल्या चढवलेल्या. शिवण बघायची असेल तर हाऊसबोटीत आत, फरशीच्या वर बाजूच्या फळ्यांकडे बघा. काळ्या लेपाखाली दोरीचे टाके ओळीनं उठून दिसतात, गोधडीच्या दोऱ्यासारखे. टाके दिसलेच नाहीत तर ती बोट नव्या बांधणीची.